लाकडी हंसांना खरे हंस का भुलतात?

हिवाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या मायणी आणि येरळवाडीच्या पाण्यावर पट्टकादंब हे रानहंस पाहायला येणारी मंडळी मला हमखास विचारतात, की हिमालय ओलांडून येणारा हा सावध पक्षी किंवा त्याचे परदेशातले भाऊबंद शिकाऱ्यांनी मांडलेल्या नकली हंसांना भुलतात तरी कसे? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नक्कल हुबेहूब असावी लागते, हा समज आधी सोडावा. टेक्सासच्या भातशेतांत पांढऱ्या हिमहंसांसाठी शिकारी नुसती पांढरी फडकी मांडत आणि त्यांवरही थवे उतरत. उंचावरून येणारा थवा आधी मांडणी पाहतो. हंस वाऱ्याला सामोरे जाऊन उतरतात आणि कुटुंबाने वावरतात. म्हणून जाणता शिकारी नकली पक्षी लहान लहान घोळक्यांनी ठेवतो आणि मधोमध उतरण्यापुरती जागा मोकळी सोडतो. खरी मेख मात्र मानेत आहे. चरणाऱ्याची मान खाली, पहारेकऱ्याची ताठ. बहुतेक माना खाली आणि एखाददुसरीच वर असली, तर वरच्या थव्याला तिथे चारा आहे आणि भय नाही असे वाटते. ताठ माना वाढल्या, की तीच मांडणी धोक्याचा इशारा ठरते.

ही विद्या फार जुनी आहे. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लव्हलॉक गुहेत १९२४ मध्ये सापडलेली लव्हाळ्याची नकली बदके सुमारे २,००० वर्षांपूर्वीची आहेत. पुढे माणसाळलेले जिवंत पक्षीच बांधून ठेवू लागले आणि त्यांच्या हाकेवर थवे इतके बेसावध उतरू लागले, की अमेरिकेने १९३५ मध्ये ती पद्धत बंद केली. तो निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो, कारण सोबत्याच्या हाकेवरचा विश्वास हाच थव्याचा आधार असतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे या पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे, पण शिकाऱ्यांनी हेरलेली मानेची भाषा पक्षी पाहणाऱ्याला रोज उपयोगी पडते. हरभऱ्याच्या रानात चरणाऱ्या थव्यात एक मान वर असेपर्यंत आपण चालू शकतो. चार-पाच वर झाल्या की जागीच थांबावे, नाहीतर सगळा थवा चरणे सोडून पाण्याच्या मध्यावर जातो. छायाचित्रासाठी थेट रोखाने जाणाऱ्यांना मी आग्रहाने अडवतो. थांबून थोडे खाली बसले, की माना पुन्हा हरभऱ्यात जातात आणि डोक्यामागचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून तेवढ्या अंतरावरूनही स्वच्छ मोजता येतात.