साठवणीचा दुसरा उन्हाळा: आमसुलं, सांडगे आणि बरणीतलं हायग्रोमीटर

गेल्या वर्षी वाळवणाचा एकच नियम डोक्यात होता: पाणी घालवा, पदार्थ टिकेल. त्या हिशोबाने केलेले कोहळ्याचे सांडगे खडखडीत वाळले होते, टिचकी मारली तर वाजायचे. ऑगस्टमध्ये डबा उघडला तर आतून बुरा. त्याच फडताळात आत्याने दिलेली आमसुलं होती. मऊ, ओलसर, बोटांना चिकटणारी, आणि त्यांना काहीही झालं नव्हतं. यंदाचा अभ्यास मी या कोड्यापासूनच सुरू केला.

उत्तर सापडलं ते वॉटर ॲक्टिव्हिटीत. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी जंतूंच्या हाती लागतं, हे महत्त्वाचं. शुद्ध पाण्याचा आकडा १. बहुतेक जीवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र ०.८६ पर्यंत तग धरतो. बहुतेक बुरशा ०.८० च्या आसपास थांबतात, काही चिवट जाती त्याखालीही जातात, आणि ०.६० च्या खाली काहीच वाढत नाही. मीठ आणि साखर पाण्याला धरून ठेवतात. मुरांब्यात पाक डोळ्यांसमोर असतो, पण जंतूंना तो जवळजवळ कोरडाच.

हे मोजायचं यंत्र महाग असतं, पण घरी अंदाज काढता येतो. खोलीतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल हायग्रोमीटर आणि घट्ट झाकणाची काचेची बरणी, एवढंच लागतं. आधी हायग्रोमीटर तपासून घ्यायचं. वाटीत मीठ घेऊन त्याचा ओला लगदा होईल इतकंच पाणी घालायचं आणि वाटी बरणीत बंद करायची. काही तासांनी आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझं ७२ दाखवत होतं, म्हणून दर वेळी ३ मिळवते. मग पदार्थ अर्ध्या बरणीपर्यंत भरून, उन्हापासून लांब, २४ तास ठेवायचा. आलेल्या आकड्याला १०० ने भागलं की झालं.

मे महिन्यात आठवडाभर आत्याकडे राहिले. ३ किलो रातांबे फोडले. बिया आणि गर यांना मीठ लावून स्टीलच्या पातेल्यात ठेवलं (हा रस इतका आंबट असतो की ॲल्युमिनियमचं भांडं नकोच). साली सुपात पसरून उन्हात. संध्याकाळी सुटलेला रस गाळून सालींना पहिलं पुट दिलं, दुसऱ्या दिवशी ऊन, पुन्हा पुट. अशी पाच पुटं झाली. दर पुटाला सालीचा रंग लाल, मग तपकिरी, मग काळपट जांभळा होत गेला आणि कडा आत वळल्या. पाचव्या दिवशी माझ्या मते आमसुलं झाली होती. आत्याने एक उचलून दुमडलं, दाबलं आणि परत सुपात टाकलं. म्हणाली, "अगं, अजून रस वर येतोय. वाकायला हवं, पण बोट ओलं व्हायला नको." आणखी दीड दिवस ऊन दाखवलं.

मोजलं तेव्हा तिची जुनी आमसुलं ०.६९ आणि माझी ०.७३. तिच्या बोटांना हा फरक मोजणीआधीच कळला होता, याचा मला मनापासून आनंद झाला.

सांडग्यांचंही कोडं सुटलं. तिसऱ्या दिवशी वरून पूर्ण कोरडे, बरणीत ०.८४! पहिल्याच दिवशी कडक उन्हात वरचा थर आवळतो आणि आतलं पाणी अडकून बसतं. आता सांडगे लहान घालते, पहिल्या दिवशी वर पातळ पंचा टाकते आणि रात्री घरात झाकून ठेवते, म्हणजे आतला ओलावा हळूहळू बाहेरच्या थरात येतो. सकाळी ते किंचित मऊ लागतात, आणि हीच खूण आहे. पाच दिवसांनी ०.५८.

कैरीच्या लोणच्याने मात्र विचारात पाडलं. आकडा ०.८८, म्हणजे नुसत्या मिठावर भरवसा ठेवता येत नाही. तिथे कैरीचा आंबटपणा, मोहरीचा झणका आणि वर तेलाचा थर, सगळे मिळून राखण करतात. लोथर लाइस्टनर या जर्मन संशोधकाने अशा एकत्र अडथळ्यांचा सिद्धांत मांडला, आणि आपल्या बरण्यांत तो आधीपासूनच आहे. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. तेल स्वतः जंतू मारत नाही, फक्त हवा अडवतं. म्हणून नुसती कच्ची लसूण तेलात बुडवून फडताळात ठेवू नका. आंबटपणा नसेल, पीएच ४.६ च्या वर असेल, तर हवाबंद जागी बोटुलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जंतू वाढू शकतो, आणि वासावरून ते कळेलच असं नाही.

काल फणसपोळीचा तुकडा बरणीत ठेवलाय. मधली जागा कडांपेक्षा मऊ आहे, म्हणून दोन्ही तुकडे वेगळे मोजणार आहे.