स्टिफ्कीला जाताय? आधी त्या रस्त्याचं ऐका

सिंहाने मारलेल्या हॅरल्ड डेव्हिडसन या पाद्र्याची कबर बघायला इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यातल्या स्टिफ्की गावी जायचं असेल, तर आधी तिथला रस्ता समजून घ्या. "गावातून रमतगमत चर्चपर्यंत जाता येतं," असं मला सांगितलं गेलं होतं. साफ खोटं! किनाऱ्याचा ए१४९ हा मोटाररस्ता गावाच्या मधोमध जातो आणि अरुंद भागात फुटपाथच नाही. दोन्हीकडे गारगोटीच्या दगडांच्या भिंती. बस आली की सॅक छातीशी धरून भिंतीला चिकटायचं. एका गाडीचा आरसा माझ्या बाहीला घासून गेला. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर इथून चालत अजिबात नेऊ नका. उत्तरेला खाजणाच्या कडेने पायवाट आहे. जमेल तेवढं अंतर तिच्यावरूनच काटा.

नॉरिच ते शेरिंगहॅम ट्रेन, पुढे बस. टॅक्सी केलीत तर भाडं आधी लिहून घ्या. माझ्या चालकाने निघताना एक आकडा सांगितला, उतरताना भलताच.

चर्चच्या आवारात पोचलात की मात्र घाई करू नका. हॅरल्ड डेव्हिडसन 1906 पासून इथला रेक्टर, म्हणजे गावच्या चर्चचा मुख्य पाद्री. आठवडाभर लंडनच्या रस्त्यांवरच्या मुलींना सावरायला म्हणून तिकडे, रविवारी गावात. 1932 मध्ये वेस्टमिन्स्टरच्या चर्च हाउसमध्ये त्याच्यावर अनैतिक वर्तनाचा खटला चालला आणि पेपरवाल्यांची चंगळ झाली. दोषी ठरल्यावर ऑक्टोबरमध्ये नॉरिच कॅथेड्रलमध्ये बिशपने त्याचं पाद्रीपद काढून घेतलं. पुढे पोटासाठी ब्लॅकपूल या किनाऱ्यावरच्या गावी तो पिंपात बसायचा आणि लोक पैसे देऊन बघायचे. मग स्केगनेस या दुसऱ्या किनारी गावी तो खेळात सिंहांच्या पिंजऱ्यात उभा राहू लागला, आणि 1937 मध्ये तिथेच फ्रेडी नावाच्या सिंहाने त्याला धरलं. सोळा वर्षांच्या एका मुलीने, तिथल्या सिंहशिक्षिकेने, त्याला सोडवलं, पण दोन दिवसांत तो गेला.

गावाला त्याची लाज वाटायची, अशी माझी समजूत करून देण्यात आली होती. त्याच गावात त्याला पुरायला सुमारे 3000 माणसं आली होती! तो दोषी होता की नाही यावर वाद घाला, पण पोटासाठी पिंजऱ्यात उभं राहावं लागलेल्या माणसाच्या मरणावर हसू नका. कबरीपाशी सिंहाची नक्कल करत फोटो काढणाऱ्यांचा मला संताप आला.

स्केगनेस वगळा, या गोष्टीसाठी तेवढा वळसा परवडत नाही. नॉरिच कॅथेड्रल सोपं आहे, सवडीने बघा. खाजणात उतरणार असाल तर भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहा. तिथल्या खाड्या मागून भरतात आणि परतीची वाट बंद होते.