रावेर ते नंदुरबार: सालं, चीक आणि देठांच्या वाटेने

रावेरहून पश्चिमेला निघालं की सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा ही गावं एकाच बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याला लागतात. उजवीकडे सातपुडा, डावीकडे तापी, मधे केळीच्या बागा. प्रवासी बागा बघतात. आम्ही वेफर्सच्या कारखान्यांमागचे सालींचे ढीग बघत निघालो, कारण त्या ढिगांत खाण्याजोगं बरंच काही असतं आणि ते किती वाचवता येईल हे पहिल्या तीन-चार तासांत ठरून जातं.

केळीच्या वजनाचा ३५ ते ४० टक्के भाग साल असतो. वेफर्ससाठी टनभर कच्ची केळी सोलली की साडेतीनशे ते चारशे किलो साल बाजूला पडते. तिच्यात ८५ ते ९० टक्के पाणी असतं, म्हणून वाळवून दळल्यावर पीठ जेमतेम ४० ते ५० किलो निघतं. हा हिशेब आधीच मनाशी पक्का हवा. चारशे किलो बघून यंत्रं घेतली जातात आणि मग पोती भरत नाहीत.

साल काळी पडते ती तिच्यातल्याच विकरांमुळे, म्हणजे एन्झाइममुळे. सुरी लागली की पेशी फुटतात, हवा लागते आणि सालीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य काळं होऊ लागतं. त्यात लोखंडी सुरी किंवा पत्र्याचं घमेलं असेल तर काळेपणा आणखी वाढतो. म्हणून सुरी स्टीलची घ्यावी, आणि सोलणाऱ्या बाईच्या शेजारीच प्लास्टिकच्या टाकीत १०० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून ठेवावं. साल थेट त्यात पडू द्यावी. आधी जमिनीवर ढीग आणि संध्याकाळी टाकीत, असं केलं तर उपयोग नाही. खानदेशातल्या मे महिन्याच्या उन्हात दुपारपर्यंत त्या ढिगाला आंबूस वास सुटतो. तो माल गुरांपुढे किंवा खतात घालावा, पिठात मिसळू नये.

पंधरा मिनिटांनी साल निथळून उकळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटं काढायची, दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या कापायच्या आणि ट्रेवर पातळ थरात ६० अंशांना वाळवायच्या. उष्णता वाढवून घाई केली की वरचा थर कडक होतो, आत ओल राहते आणि पोत्यात आठवड्याभरात बुरशी धरते. पट्टी वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे, ओलावा ८ टक्क्यांच्या आत हवा. इथली हिवाळ्या-उन्हाळ्यातली कोरडी हवा हे मोठं भांडवल आहे. उंच मांडवावर, वर जाळी घालून उन्हात वाळवणं परवडतं, पावसाळ्यात मात्र ड्रायर लागतोच. हे पीठ बिस्किटात किंवा खाकऱ्यात गव्हाच्या पिठाच्या ५ ते १० टक्के घालावं. त्यापुढे रंग काळपट आणि चव तुरट होते. बागेत घडावर फवारणी झालेली असते, म्हणून विक्रीआधी प्रत्येक लॉटची कीटकनाशक-अंशांची तपासणी करून घ्यावी.

साल सोडून गराकडे वळलं की रीत बदलते. निर्यातीच्या पॅकहाउसमधून ओरखडा पडलेली किंवा आखूड केळी बाजूला काढली जातात. ती कच्ची आणि ताजी असतात, आणि आमच्या मते या सगळ्या रस्त्यावरचा सर्वांत चांगला कच्चा माल तोच आहे. त्यातून स्टार्च काढायचा असेल तर उकळतं पाणी अजिबात दाखवायचं नाही. सत्तर अंशांच्या आसपास स्टार्च फुगून खळ होते आणि मग तो तळाशी बसत नाही. गराचे काप सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात टाकायचे, दुप्पट थंड पाण्यासोबत दळायचे, १०० मेशच्या (इंचाला शंभर छिद्रांच्या) जाळीतून गाळायचे आणि पाच-सहा तास निवळू द्यायचं. वरचं पाणी ओतून दोन-तीन वेळा धुवायचं. केळीतल्या चिकट द्रव्यांमुळे बटाट्यापेक्षा निवळायला वेळ जास्त लागतो, तिथे धीर धरावा. वाळवण ४५ अंशांच्या आत. १०० किलो गरातून साधारण १० ते १५ किलो पांढरा स्टार्च हाती येतो. केळी पिकायला लागली असतील तर स्टार्चची साखर झालेली असते, तो माल घेऊच नये.

चोपडा-शिरपूरकडे रसवाल्यांच्या दुकानांमागे मोसंबीची सालं दिसली की पेक्टिनचा, म्हणजे जॅम-जेली घट्ट धरणाऱ्या द्रव्याचा, विषय निघतोच. मोसंबीच्या वाळलेल्या सालीत २० ते ३० टक्के पेक्टिन असतं, केळीच्या सालीत बरंच कमी. कृती ऐकायला सोपी आहे: सालं तीनदा धुऊन कडवटपणा आणि साखर काढा, दहा किलो वाळलेल्या सालीला अडीचशे लिटर पाणी, आम्ल घालून पीएच (आंबटपणाचं माप) २, ८५ अंश, एक तास. पण पुढे त्या काढ्यातून पेक्टिन वेगळं करायला निदान तेवढंच अल्कोहोल लागतं. दोन किलो भुकटीसाठी अडीचशे लिटर! ते ऊर्ध्वपातनाने परत मिळवायची सोय आणि इथेनॉल वापरायचं तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, दोन्ही नसतील तर हा धंदा करू नये. त्यापेक्षा काढा गाळून त्याच दिवशी स्वतःच्या जॅम-जेलीत वापरावा. बोअरचं जड पाणी मात्र टाळा, त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला सालीतच बांधून ठेवतं. पीएच दीडच्या खाली गेला किंवा वेळ लांबला तर पेक्टिनच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि जेली धरत नाही.

शहादा-तळोद्यात पपई. कच्च्या फळाला सकाळी दोन-तीन मिलिमीटर खोल चिरा देऊन चीक गोळा केला की पपेन हे प्रथिनं तोडणारं विकर मिळतं. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं हवं, लोखंडाने विकर निकामी होतं. चीक ५० ते ५५ अंशांना वाळवतात. चिरा दिलेलं फळ बाजारात विकलं जात नाही, पण टुटीफ्रुटीला उत्तम चालतं.

प्रकाशा गावच्या पुलावरून तापी ओलांडली की नंदुरबारच्या पथाऱ्या, लाल मिरचीची पसरलेली वाळवणं. देठ खुडून झाल्यावर खाली देठ, बिया आणि फुटलेली टरफलं उरतात. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतो, आणि रंग टरफलात. ओलिओरेझिन (द्रावकाने काढलेला मिरचीच्या रंगाचा-तिखटाचा अर्क) बनवणाऱ्याला शिरा आणि टरफलं हवी असतात, बियांना तेलासाठी वेगळं गिऱ्हाईक लागतं, देठांत मात्र फारसं काही नाही. सगळं एकत्र झाडून भरलेल्या पोत्याला म्हणूनच मातीमोल भाव मिळतो. दोन चाळण्या आणि एक पंखा एवढ्यावर ही वर्गवारी होते. द्रावकाचं काम हेक्झेनसारख्या ज्वालाग्राही रसायनांचं आहे, ते स्फोटरोधक यंत्रणा असलेल्या कारखान्यावर सोडावं. पथारीवर अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेली मिरची वेगळी काढून नष्ट करावी. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष पुन्हा वाळवून जात नाही.