मुरगाव ते छिंगदाओ: वाटेत सिंगापूरचं बंकर

दिवाळी आटोपली आणि मुरगावला लोहखनिज भरून आमचं पॅनामॅक्स (पनामा कालव्यात मावेल अशा आकाराचं) बल्क कॅरियर चीनकडे निघालं. माल छिंगदाओला उतरवायचा, वाटेत सिंगापूरला बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन तेल, घ्यायचं. मी चीफ इंजिनियर, त्यामुळे नजर इंजिनरूमची असणार. पण हे लिहितोय ते नव्याने सेकंड मेट झालेल्या, किंवा फोर्थ इंजिनियर म्हणून पहिल्यांदाच बंकरचं काम अंगावर आलेल्या आपल्या पोरापोरींसाठी. कित्येक जहाजांवर तेलाचं गणित खाली मांडलं जातं आणि वाटेचं गणित वर ब्रिजवर. सिंगापूरला हे चालत नाही. दोन्ही एका टेबलावर व्हायला हवीत.

आमचं ते टेबल श्रीलंका मागे पडल्यावर लागलं. कॅप्टन, चीफ ऑफिसर, सेकंड मेट, सेकंड इंजिनियर आणि मी. तेलाची मागणी कंपनीकडे आधीच गेलेली होती, पण आकडा तपासून घ्यायची ती शेवटची संधी. नोव्हेंबरात दक्षिण चीन समुद्रात ईशान्य मोसमी वारा जोर धरतो. सिंगापूर सोडलं की वारा, लाटा आणि प्रवाह तिन्ही नाकासमोर. शांत हवेतला रोजचा खप धरून हिशेब केला तर तो तैवानच्या सामुद्रधुनीपर्यंतच कोलमडतो. म्हणून आम्ही खराब हवामानाची जास्तीची राखीव धरूनच 800 टनांवर शिक्कामोर्तब केलं.

पुढचा प्रश्न वाट आखणाऱ्या सेकंड मेटचा. पॅनामॅक्सचा टीपीसी, म्हणजे जहाज एक सेंटीमीटर बसायला लागणारं वजन, साधारण 68 टन. म्हणजे 800 टनांनी ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) जवळजवळ 12 सेंटीमीटर वाढतो. बंकरच्या टाक्या मागच्या अंगाला असल्या की ट्रिमही (पुढच्या-मागच्या ड्राफ्टमधला फरक) बदलतो. 15 मीटर किंवा त्याहून जास्त ड्राफ्टच्या जहाजांना मलाक्का आणि सिंगापूरच्या सामुद्रधुन्यांमध्ये तळाखाली किमान 3.5 मीटर पाणी राखावं लागतं. आम्ही त्या गटात नव्हतो, पण कंपनीचा नियम असतोच, आणि वेग वाढला की स्क्वॅटने जहाज आणखी बसतं. म्हणून बंकरनंतरचा ड्राफ्ट आधी काढा आणि सिंगापूरहून निघतानाचा पॅसेज प्लॅन त्या आकड्यावर बनवा. येतानाच्या ड्राफ्टवर बनवलेला प्लॅन जाताना कामाचा नाही.

पोर्ट क्लांगसमोरच्या वन फॅदम बँकपासून टीएसएस सुरू होतं, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांच्या आखलेल्या लेन. तिथून स्ट्रेटरेप ही सक्तीची रिपोर्टिंग व्यवस्था लागते. ती 1998 सालापासून आहे आणि तिचे 9 सेक्टर आहेत. आधी क्लांग, मग जोहोर, आणि शेवटच्या तीन सेक्टरांत सिंगापूर व्हीटीआयएस, म्हणजे जहाज-वाहतुकीवर लक्ष ठेवणारी सेवा: पश्चिमेला चॅनल 73, मध्ये 14, पूर्वेला 10. हे चॅनल कागदावर लिहून व्हीएचएफ रेडिओच्या शेजारी चिकटवा. सिंगापूरच्या सामुद्रधुनीतल्या फिलिप चॅनलमध्ये वाहतुकीची वाट दीड सागरी मैलावर येते, एखादी टँकर मागून येत असते, आडवी फेरी जात असते. त्या वेळी चॅनल शोधत बसायला कुणाला सवड नसते.

सिंगापूरला पोचायची वेळ ही खरी कळीची गोष्ट. चोऱ्या बहुधा रात्री होतात. छोट्या होडीतून माणसं मागून येतात, भरलेल्या बल्क कॅरियरचा फ्रीबोर्ड, म्हणजे पाण्यापासून डेकची उंची, कमी असतो, हुक टाकला की वर. गेल्या काही वर्षांत रिकॅप या चाचेगिरीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंदलेल्या घटनांपैकी पुष्कळ फिलिप चॅनलमध्ये पूर्वेकडे जाणाऱ्या लेनमधल्याच आहेत. चोरांना हवे असतात इंजिनचे स्पेअर. आम्ही वेग असा बेतला की फिलिप चॅनल उजाडल्यावर लागेल. तरीही त्याआधीची रात्र होतीच. मागच्या पूप डेकवर दोन्ही बाजूंना पाण्याचे होज सोडले, दिवे बाहेरच्या बाजूला वळवले, जोडीने वॉच लावला. मी स्वतः जाऊन स्टिअरिंग गिअर रूमचा दरवाजा आतून बंद असल्याची खात्री केली आणि स्पेअरच्या पिंजऱ्याला दुसरं कुलूप लावलं. इंजेक्टरचे नोझल, फ्युएल पंपाचे प्लंजर, बेअरिंग शेल या वस्तू उघड्या रॅकवर ठेवूच नका. आणि हे मनापासून सांगतो: कुणी चढलेलं दिसलं तर अडवायला एकट्याने जाऊ नका. अलार्म द्या, पीए सिस्टिमवर ओरडा, आत या, दारं लावा, व्हीटीआयएसला कळवा. आरडाओरडा झाला की बहुतेक वेळा ते पळून जातात. नोझल परत मागवता येतो.

वन फॅदम बँकच्या आधीच दोन जनरेटर पॅरलल, दोन्ही स्टिअरिंग मोटर चालू, इंजिन मॅन्युव्हरिंगवर. आणि तेल बदलायचं काही काम असेल तर ते त्याही आधी, उघड्या समुद्रात उरकून घ्या. टीएसएसच्या आत चेंजओव्हर नको. फिल्टर चोक झाला, व्हिस्कॉसिटी घसरली आणि जनरेटर बसला, तर तिथे वाहत जायला जागा नाही. 14 जून 2024 ला पासिर पांजांग टर्मिनलला उभ्या असलेल्या मरीन ऑनर या बंकर जहाजावर व्हॉक्स मॅक्सिमा हा ड्रेजर जाऊन आदळला. त्याचं इंजिन आणि स्टिअरिंगवरचं नियंत्रण अचानक गेलं होतं. सुमारे 400 टन तेल समुद्रात गेलं आणि सेंटोसाच्या किनाऱ्यापर्यंत पोचलं. इंजिनरूममधली काही मिनिटं एखाद्या गावाच्या किनाऱ्याला किती महाग पडतात, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पूर्वेकडे जाणारी लेन दक्षिणेला, आणि सिंगापूरचे अँकरेज उत्तरेला. म्हणजे आत शिरताना समोरून येणारी पश्चिमेची लेन ओलांडावीच लागते. बंकर घेऊन पुन्हा पूर्वेला निघताना तीच लेन दुसऱ्यांदा ओलांडायची. ओलांडण्याची जागा आणि वेळ व्हीटीआयएसला आधी सांगा, आणि अंधार असेल तर एकाखाली एक तीन हिरवे दिवे लावा, म्हणजे इतरांना कळतं की हे जहाज आडवं जाणार आहे. ते दिवे चालतात का, हे इलेक्ट्रिशियनकडून आदल्या दिवशीच तपासून घ्या.

आम्हाला ईस्टर्न बंकरिंग अँकरेज मिळालं. पायलट सक्तीचा आहे, त्याच्या वेळेत बसावं लागतं. तेल आणणारा बार्ज मात्र सकाळचा सांगून संध्याकाळी आला. पुरवठादाराचं नाव घेत नाही, असं कुठल्याही व्यस्त बंदरात होतं. आणि सिंगापूरइतकं व्यस्त बंकर बंदर जगात दुसरं नाही: 2024 मध्ये तिथे सुमारे 5 कोटी 49 लाख टन बंकर विकलं गेलं. म्हणून वेळापत्रकात बार्जच्या उशिराला जागा ठेवा. आणि तो उशीर माणसांच्या झोपेतून वसूल करू नका. आदल्या रात्री चोरांच्या वॉचवर असलेला मोटरमन बंकरच्या वॉचवर नको, हे आम्ही टेबलावरच ठरवलं होतं. त्यामुळे संध्याकाळी ताजी माणसं हाताशी होती.

आता बंकर. सिंगापूरमध्ये मास फ्लो मीटर 2017 पासून फ्युएल ऑइलसाठी आणि 2019 पासून डिझेलसारख्या डिस्टिलेटसाठीही सक्तीचा आहे. मीटर थेट वस्तुमान मोजतो, त्यामुळे घनता आणि तापमानावरून होणारी जुनी भांडणं बरीच मिटली. हवा मिसळून तेल फुगवण्याचा प्रकारही मीटरच्या नोंदीत दिसून येतो. पण मीटर आहे म्हणून हात बांधून बसू नका. पंप सुरू होण्याआधी बार्जवर जाऊन प्रत्येक सील टॉर्चच्या उजेडात पाहा आणि क्रमांक सीलच्या यादीशी ताडून घ्या. टोटलायझरचं, म्हणजे मीटरच्या एकूण बेरजेचं, सुरुवातीचं रीडिंग बार्जच्या कार्गो ऑफिसरबरोबर उभं राहून लिहा, दोघांच्या सह्या घ्या. आपल्या टाक्यांचं साउंडिंग (तेलाची पातळी मोजणं) आधी आणि नंतर तरीही करायचंच. आकड्यात फरक वाटला तर लेटर ऑफ प्रोटेस्ट, म्हणजे लेखी हरकत, तिथेच, बार्ज बाजूला असतानाच द्या. बार्ज सुटल्यावर तुमचं कुणी ऐकणार नाही.

फोर्थ इंजिनियर मॅनिफोल्डवर, म्हणजे बार्जचा होज जोडतात त्या पाइपांपाशी, होती, हे तिचं पहिलं मोठं बंकरिंग. सॅम्पल कसं घ्यायचं ते तिला एकदा दाखवलं आणि नंतर तिने नीट सांभाळलं. ड्रिप सॅम्पलरची सुई इतकीच उघडायची की थेंब अखंड पडत राहतील आणि पंपिंग संपेल तेव्हा क्युबिटेनर, म्हणजे सॅम्पलचा डबा, भरत आलेला असेल. सुरुवातीच्या दहा मिनिटांत भरून टाकलेलं सॅम्पल निरुपयोगी असतं, कारण त्यात शेवटी आलेलं तेल नसतं. काळं तेल त्या पारदर्शक डब्यात दोरीसारखं उतरत होतं आणि ती दर काही मिनिटांनी बोटाने सुई किंचित फिरवत होती. शेवटी डबा चांगला घुसळून बाटल्या भरायच्या, सील लावायचे, आणि प्रत्येक बाटलीचा सील क्रमांक बीडीएनवर, म्हणजे बंकर पुरवठ्याच्या पावतीवर, आहे का पाहायचं. मारपॉल या सागरी प्रदूषणविरोधी कराराचं सॅम्पल किमान 12 महिने आणि बीडीएन 3 वर्षं जहाजावर ठेवावं लागतं. 1 एप्रिल 2025 पासून सिंगापूरच्या पुरवठादारांना डिजिटल सेवा द्यावीच लागते, म्हणून बीडीएन बहुधा इलेक्ट्रॉनिक असतो. सही करण्याआधी स्क्रीन शांतपणे वाचा: प्रमाण, घनता, फ्लॅश पॉइंट, सल्फर. धुरातलं सल्फर धुऊन काढणारा स्क्रबर नसेल तर सल्फर 0.50 टक्क्यांच्या आत हवं. ओपन लूप स्क्रबरवाल्यांनी लक्षात ठेवा, त्याचं पाणी सिंगापूरच्या हद्दीत सोडायला 2020 पासून बंदी आहे.

बाकी नेहमीचंच: स्कपर (डेकवरचं पाणी जायची भोकं) बंद, सेव्ह-ऑल ट्रेचे प्लग लावलेले, सोपेपचं, म्हणजे तेलगळती आवरायचं, सामान मॅनिफोल्डपाशी, सुरुवात हळू, टाकी बदलताना पुढची आधी उघडून मग मागची बंद. नवं तेल शक्यतो रिकाम्या टाकीत घ्या. दोन वेगवेगळी व्हीएलएसएफओ (कमी सल्फरची तेलं) कधीकधी एकमेकांशी जुळत नाहीत आणि गाळ धरतात.

मध्यरात्रीच्या सुमारास काम संपलं. जहाज भाड्याने घेतलेल्या चार्टररच्या बाजूने लगेच निघा असा आग्रह होता. कॅप्टनने उजाडेपर्यंत थांबायचं ठरवलं आणि मला ते शंभर टक्के पटलं. थकलेली माणसं, दाट वाहतूक, आडवी लेन, आणि वर सुमात्रा स्क्वॉलचा अंदाज. सुमात्राकडून येणारी ही वादळी रांग एप्रिल ते नोव्हेंबर या काळात बहुतेकदा पहाटेच्या आसपास येते. तास-दीड तास जोराचा वारा आणि असा पाऊस की स्वतःच्या जहाजाचा पुढचा मास्ट दिसत नाही. ती पहाटे आलीच. होज लावलेला असता तर पंपिंग थांबवून तो सोडायची धावपळ झाली असती. आम्ही अँकरवर होतो, इंजिन तयार ठेवून.

थांबायचं म्हणजे बंदराच्या हद्दीत, रीतसर अँकरेजवरच. पैसे वाचवायला हद्दीबाहेर, बिनतानजवळच्या पाण्यात नांगर टाकायचा सल्ला कुणी दिला तर नकार द्या. ते इंडोनेशियाचं पाणी आहे. परवानगीशिवाय नांगर टाकलेली जहाजं त्यांच्या नौदलाने धरली आहेत आणि अडकून पडतात ती जहाजावरची माणसं.

सकाळी पायलट आला, लेन ओलांडली, हॉर्सबर्गचा दीपस्तंभ उजवीकडे ठेवून बाहेर पडलो. हा सगळा टप्पा आम्ही जुन्या, तपासलेल्या तेलावर केला. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. सिंगापूरला येताना जुनं तेल इतकं शिल्लक हवं की लॅबचा रिपोर्ट हातात येईपर्यंत नवं उघडावं लागू नये. 2022 च्या सुरुवातीला सिंगापूरमधून क्लोरीनयुक्त रसायनं मिसळलेलं तेल सुमारे 200 जहाजांना गेलं आणि त्यातल्या 80 च्या आसपास जहाजांनी फ्युएल पंप आणि इंजिनात बिघाड झाल्याचं कळवलं. आयएसओ 8217 या जहाजी इंधनाच्या मानकाच्या नेहमीच्या तपासणीत ही रसायनं सापडत नाहीत. जून 2024 पासून पुरवठादारांवर त्यांच्या तपासणीची सक्ती झाली आहे, तरी शंका असेल तर कंपनीला सांगून वाढीव चाचणी मागा.

आमचा रिपोर्ट दक्षिण चीन समुद्रात आला. कॅट फाइन्स म्हणजे ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे कठीण कण मर्यादेत होते, पण म्हणून तेल साफ करणारा प्युरिफायर ढिला सोडला नाही: कमीत कमी प्रवाह, तापमान 98 अंश. तक्रार करायची असेल तर पुरवठादाराच्या करारातली मुदत आधीच पाहून ठेवा, ती फार थोड्या दिवसांची असते. आणि रिपोर्टमधला पोअर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली तेल वाहत नाही ते तापमान, नक्की वाचा. सिंगापूरच्या उकाड्यात पातळ दिसणारं व्हीएलएसएफओ छिंगदाओच्या थंडीत मेण होऊन टाकीतच बसू शकतं. आम्ही पोअर पॉइंटच्या 10 अंश वर तापमान राहील असं हीटिंग तैवान यायच्या आतच लावून घेतलं.