पाय दे इकडे

स्पेनमधली कामिनो, म्हणजे संत याकोबाच्या कबरीपर्यंतची पायी यात्रा. लेओन ते सांतियागो, ३०० किलोमीटरच्या थोडं वर, १४ दिवस. खरे चालणारे फ्रान्सच्या हद्दीतून निघतात आणि पावणेआठशे करतात, माझी रजा तेवढी नव्हती. दिवसांचा क्रम आता विचारू नका, कुठल्या गावात पाऊस होता आणि कुठल्या गावात घोरणाऱ्यांची फौज होती हे सगळं एकमेकांत मिसळून गेलंय.

निघायच्या आधी चर्चच्या मंडळीत बऱ्याच जणांनी विचारलं, तू प्रोटेस्टंट, संताच्या कबरीपाशी तुझं काय काम? बरोबरच आहे. आमच्या प्रोटेस्टंट पंथाचा जनक लूथर तर म्हणून गेलाय की तिथे याकोब पुरलाय का मेलेलं कुत्रं, कोणाला ठाऊक. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, की बाबांनो मी पुण्य कमवायला चालले नाहीये, आपलं तारण कृपेने आहे, मी नुसती चालायला चाललेय. हे सांगताना मला आतून छान वाटायचं, तिथेच शंका यायला हवी होती. (आणि हा याकोब म्हणजे जब्दीचा, योहानाचा भाऊ, हेरोदाने तलवारीने मारलेला. क्रियांवाचून विश्वास निर्जीव असं पत्रात लिहिणारा याकोब वेगळा. तो सोबत असता तर माझी काही धडगत नव्हती.)

एक सांगायला हवं. माझ्या बायबल ॲपवर सलग ४१२ दिवस वाचल्याची स्ट्रीक होती. त्याच्या आधी वही होती, तारीख, अध्याय, टिक. त्याच्याही आधी संडे स्कूलचं हजेरीकार्ड, त्यावर चांदण्या. काही बिघडलं, गाडी चुकली, ताप आला की पहिला विचार हाच, सकाळची प्रार्थना राहिली ना आज. सगळं सुरळीत झालं की, केली होती म्हणून झालं. देव म्हणजे जणू माझ्या मागे रजिस्टर उघडून बसलेला हेडक्लार्क. तोंडाने हे कधी बोलले नाही, तोंडाने मी इफिसकरांस २:८-९ म्हणायचे, तारण कृपेनेच, कर्मांनी नाही, न अडखळता.

आणि कामिनोवर पहिल्याच दिवशी हातात काय आलं तर क्रेदेन्सियाल, म्हणजे शिक्क्यांचं पासबुक. माझ्यासारखीला आणखी काय पाहिजे! मुक्कामाचा शिक्का, चर्चचा शिक्का, चहा प्यायला थांबलं तरी शिक्का. यात्रेच्या प्रमाणपत्रासाठी शेवटच्या १०० किलोमीटरमध्ये रोज दोन लागतातच, मी पहिल्या दिवसापासून चार-चार घेत होते. रात्री बंकवर पडल्यावर ते उघडून बघायचे, पासबुक बघतात तसंच.

आस्तोर्गा झालं, राबानाल झालं. लोखंडी क्रूस आला, दीड हजार मीटरवर, लोक घरून आणलेले दगड तिथे टाकतात, मीही टाकला, धुकं होतं, फोटो काही नीट आला नाही.

खरी गोष्ट त्याच्यापुढची. तिथून मोलिनासेका साधारण ९०० मीटर खाली आहे आणि वाट म्हणजे नुसते फुटके पाटीचे दगड, प्रत्येक पावलाला बोटं बुटाच्या टोकावर आपटतात. अकरा वाजल्यापासून डाव्या टाचेला चुरचुरत होतं. थांबून मोजा काढायला हवा होता हे शेंबड्या पोरालाही कळेल, पण मी ठरवलं होतं की पुढच्या गावापर्यंत थांबायचं नाही. का? ठरवलं होतं म्हणून. पुढच्या गावात टॅक्सीचा नंबर लावलेला होता, दोघं जण बसून गेलीसुद्धा, आणि त्यांच्याबद्दल मी मनात जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. नंतर उजव्या करंगळीलाही फोड आला. दोन्हीकडून लंगडणाऱ्या बाईला नक्की लंगडी तरी म्हणता येतं का, देव जाणे. मध्ये स्तोत्र म्हणून बघितलं, ते दातओठ खाऊनच निघत होतं, मग बंद केलं.

मोलिनासेकाला शिरताना दगडी पूल आहे, खाली नदी. काठावर ओळीने लोक पाय सोडून बसलेले. मी एका कोपऱ्यात बसले, बूट काढला, मोजा टाचेला चिकटलेला. ओढला तर कातडं सोबत आलं.

शेजारी एक म्हातारा होता, सत्तरीच्या पुढचा, मोठं पोट, तोंडात न पेटवलेली सिगारेट. त्याने बघितलं आणि दातांतून हवा ओढली. मी हसून हाताने दाखवलं, ठीक आहे, मी करते. तो उठला, मला वाटलं गेला. तर सॅकमधून एक डबी घेऊन आला, माझ्यासमोर त्या गोट्यांवर गुडघे टेकून बसला, त्याला बसायला चांगला अर्धा मिनिट लागला, आणि हात पुढे केला. पाय दे इकडे. शब्द नव्हता, पण दुसरा काही अर्थच निघत नव्हता.

मी नो नो नो करत पाय मागे घेतला. वडिलांच्या वयाचा माणूस हो. चुकून अशा माणसाचा हात आपल्या पायाला लागला तरी आपण दचकतो, नमस्कार करतो, आणि इथे तो गुडघ्यांवर आणि माझी टाच चिखल, रक्त, घाम, वास. तो हात तसाच धरून बसला. रागावला नाही, हसलाही नाही, बसची वाट बघावी तसा बसला.

योहान १३, येशू शिष्यांचे पाय धुतो तो अध्याय, मी किती वेळा वाचला असेल. शिष्य पेत्र त्याला म्हणतो तू माझे पाय कधीच धुणार नाहीस, आणि मला लहानपणापासून वाटायचं काय नम्र माणूस. त्या गोट्यांवर बसून कळलं की बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आपली घाण दुसऱ्याच्या हातात, आणि बदल्यात द्यायला आपल्याकडे काहीही नाही.

दिला पाय.

त्याने बाटलीने पाणी ओतलं, अंगठ्याने वाळू काढली, बोटांच्या मधलीसुद्धा. हात जाडजूड. मी खुणेने विचारलं डॉक्टर? तर त्याने हवेत सुरा आपटल्यासारखं केलं, खाटीक! आणि स्वतःच खोखो हसला. गळ्यातल्या रुमालाने पाय टिपला, आयोडीन लावलं (मी ओरडले, काठावरचे सगळे वळले), जाळीची पट्टी, वर चिकटपट्टी, कडा दाबून दाबून बसवल्या. तेवढा वेळ काहीतरी गुणगुणत होता, अगदी बेसूर, आणि खरं सांगते मला त्याची चीडही येत होती. मग म्हणाला, "ओत्रो." दुसरा. मी करंगळी लपवून ठेवली होती. त्याने कधी पाहिली कोण जाणे.

झाल्यावर मी काय केलं असेल? पाकीट काढलं. त्याने ते माझ्या हातातून घेतलं, त्याच पाकिटाने माझ्या डोक्यावर हलकेच टपली मारली आणि परत दिलं. मग माझा बूट उचलून तळवा माझ्या पावलाला लावून दाखवला, लहान आहे, पाय सुजतात बाई, मोठा घ्यायचा असतो, आणि मान हलवत निघून गेला. नाव विचारायचं राहिलं. पुन्हा दिसला नाही.

त्या रात्री आठला झोपले. फोन चार्जिंगला लावायचा राहिला, सकाळी सुरू केला तर स्ट्रीक शून्य. मी बंकवर बसून वाट बघितली, म्हणजे खरोखर, आता काहीतरी वाईट वाटेल म्हणून. बाहेर ऊन पडलं होतं. कोणीतरी टोस्ट जाळला होता. पायाची पट्टी जागच्या जागी होती, मी झोपेत असतानाही. थोडी रडले, आणि थोडा रागही आला, ४१२ दिवस मी नक्की कोणाला हिशोब देत होते?

तो दिवस फक्त पोनफेरादापर्यंत, ८ किलोमीटर, सॅक टॅक्सीने पुढे. हो, टॅक्सीने.

व्हियाफ्रान्काला याकोबाच्या नावाचं एक जुनं चर्च आहे, त्याला क्षमेचं दार म्हणतात असा एक दरवाजा. पूर्वी आजारी पडून ज्यांना पुढे जाणंच शक्य नसायचं ते या दारापर्यंत आले तरी त्यांना सांतियागोला पोचल्याइतकीच पापांची दंडमाफी मिळायची. म्हणजे ज्यांनी इतके नियम केले त्यांनाही कुठेतरी कळलं होतं की काही जण पोचणारच नाहीत. दार फक्त पवित्र वर्षात उघडतं, २५ जुलैला रविवार येतो तेव्हा. मी गेले तेव्हा बंद. उन्हात पायरीवर बसून पट्टी बदलली, त्याने केली तशी काही जमेना.

वाटेल की यानंतर मी सुधारले. सारियाला बघा काय झालं. तिथून सांतियागो ११५च्या आसपास, प्रमाणपत्राला १०० पुरतात, त्यामुळे तिथे झुंबड. शाळेची पोरं, एकसारखे टीशर्ट, पांढरेशुभ्र बूट, स्पीकरवर गाणी, आणि त्यांना मिळणार तेच प्रमाणपत्र जे मला! दोन दिवस मी धुमसत होते. गालिसिया प्रांतात मैलाच्या दगडांवर उरलेलं अंतर तीन दशांश स्थळांपर्यंत कोरलेलं असतं, मी प्रत्येक दगडापाशी वजाबाकी करायचे, माझे किती, यांचे किती. पोर्तोमारीन ओलांडल्यावर कधीतरी मत्तय २० आठवलं, संध्याकाळी पाचला कामावर येऊनही तेवढीच मजुरी मिळालेले मजूर आणि दिवसभर उन्हातान्हात राबलेल्यांची कुरकुर. ती कुरकुर मला आजही पटते, खोटं कशाला बोला. पण सॅक माझीही टॅक्सीनेच चालली होती, आणि फ्रान्सहून आलेली एक बाई माझ्या लेओनकडे ज्या नजरेने बघायची ती नजर मी ओळखली. त्याच पोरांपैकी एकीने अर्सुआच्या अलीकडे पावसात मला तिची काठी दिली. मी म्हणजे कृपा सोडून नियमांकडे वळल्याबद्दल पौलाने झापलेली बुद्धिहीन गलतीकर, दुसरं काय.

मोंते दो गोसो टेकडीवरून सांतियागोच्या कॅथेड्रलचे मनोरे दिसले, सगळे फोटो काढत होते.

प्रमाणपत्राच्या रांगेत बसल्या बसल्या सवयीने पासबुक उघडलं आणि पोटात गोळा आला. काठीच्या दिवसाचा एकच शिक्का. पावसात दुसरा राहिलेला. ती काठीवाली पोरगी पुढेच होती, तिला सांगितलं तर म्हणाली, समोरून कुठूनही मारून आण की, कोण बघतंय! मी जागची हलले नाही. नंबर लागला. टेबलामागच्या काकांनी पानं उलटायला घेतली आणि मीच त्या तारखेवर बोट ठेवलं, हे बघा, इथे एक नाही.

त्यांनी बोटाकडे बघितलं, मग खाली माझ्या सँडलमधल्या पट्ट्यांकडे, आणि पेन उघडून नाव विचारलं.