दुधाच्या हिशेबाचे कालनिर्णय

गणेशचतुर्थी आठ दिवसांवर आलेली असताना गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एक स्त्री आमच्या समुपदेशन केंद्रात आली आणि आपल्याला आता काहीही तक्रार करायची नाही, असे तिने सांगितले. त्या सकाळीविषयी मला लिहायचे आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. नऊ वर्षांच्या संसारात ती चार वेळा माहेरी आली होती आणि चारही वेळा परत गेली होती. या खेपेस घर सोडून तिला सतरा दिवस झाले होते. डाव्या मनगटाचे प्लास्टर अजून निघालेले नव्हते.

आमचे काम धीर देण्याचे आहे, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात माझा बराच वेळ तारखा शोधण्यात जातो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली जो घटना अहवाल भरावा लागतो, त्यात प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ आणि ठिकाण विचारलेले असते. मार खाणारी बाई तारीख लिहून ठेवत नाही. ‘सासूच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री’, ‘धाकट्याला ताप होता तेव्हा’ अशा खुणा ती सांगते, आणि त्या खुणांवरून नेमक्या दिवसापर्यंत पोहोचणे हे कौशल्य मी वीस वर्षांत कमावले आहे. मला त्याचा अभिमान आहे, कारण मोघम अहवालाचे पुढे न्यायालयात काय होते ते मी पाहिले आहे. याच कामासाठी मी तिला घरातले कालनिर्णय आणायला सांगितले होते. दुधाचा हिशेब त्यावर असल्याने घर सोडताना तिने ते पिशवीत घातलेच होते.

नवऱ्याचा आदल्या रात्री फोन आला होता. तो रडला होता, गणपतीच्या वर फळे-पाने बांधून टांगतात त्या माटोळीला लागणाऱ्या वस्तूंची यादी त्याने वाचून दाखवली होती, आणि तोरिंगण व सुपारीचे कात्रे आणले तरी ते बांधायला घरात कोण आहे, असे विचारले होते. माहेरच्या वडीलधाऱ्यांनीही ‘चवथ होऊन जाऊ दे, मग बघू’ असा सल्ला दिला होता. हा सल्ला मी दर वर्षी ऐकते आणि दर वर्षी मला त्याचा संताप येतो. माझ्या एका सहकाऱ्याने ‘ही जाणारच, फाईल बंद करा’ असे सुचवले, तेही मला रुचले नाही. तिच्यापुढे वाट नव्हती असे नाही. विवाहपूर्व करार झालेला नसल्यामुळे गोव्याच्या नागरी कायद्यानुसार मालमत्तेत तिचा अर्धा वाटा होता आणि वकिलांनी तिला ते समजावले होते. तिला धरून ठेवणारी गोष्ट वेगळीच होती.

त्या गोष्टीकडे माझे लक्ष उशिरा गेले, याची मला खंत आहे. आधीच्या दोन भेटींत मी नवऱ्याचे अपराध तिच्यापुढे मोजत बसले होते आणि प्रत्येक अपराधाला ती त्याच्या चांगुलपणाची एक आठवण पुढे करत होती. मी बोलत गेले तसतसा तिचा त्याच्यावरचा विश्वास पक्का होत गेला. तिच्या बोलण्यातली एक लकब तेवढी मी टिपून ठेवली होती. माराविषयी सांगताना ती ‘तो’ म्हणे, ‘त्याने ढकलले’. आणि चांगल्या दिवसांविषयी सांगताना ‘हे’ म्हणे, ‘यांनी वळेसर आणला’, म्हणजे केसांत माळायचा गजरा. जणू तिच्या घरात दोन पुरुष राहत होते.

म्हणून त्या सकाळी मी माराविषयी काहीच विचारले नाही. चांगले दिवस सांग, एवढेच म्हणाले. तिचा चेहरा उजळला. तिने कालनिर्णय उघडले, आणि दुधाच्या आकड्यांमध्ये बारीक लाल ठिपके होते ते मला दाखवले. नवऱ्याने काही आणले, की त्या दिवशी ती ठिपका देत असे. अबोलीचा वळेसर, एक किलो इसवण मासा, दोन साड्या, मुलांना घेऊन मिरामारच्या किनाऱ्यावर फेरी, असे जानेवारीपासून अकरा ठिपके होते. प्रत्येक ठिपक्यावर मी तिला थांबवले आणि त्याच्या आदले दोन-तीन दिवस आठवायला सांगितले. पहिल्या तीन ठिपक्यांना ती भराभर बोलली. चौथ्याला तिचे बोट तारखेवरच राहिले. सातव्यानंतर मी विचारणे सोडून दिले. ती स्वतःच मागे मोजत होती आणि मी अहवालात तारखा लिहीत होते. अकरांपैकी नऊ ठिपक्यांच्या आधी मार होता.

कालनिर्णय मिटून ती म्हणाली, “बाई, म्हणजे ते दिवससुद्धा माझे नव्हते?”

मी उत्तर देऊ शकले नाही. अहवाल इतका नेमका मला क्वचितच लिहिता आला असेल, पण त्यासाठी मी तिच्या वर्षातले सुखाचे दिवस तिच्या हातून काढून घेतले होते. तिने ते केव्हा ना केव्हा पाहणे आवश्यक होते, असे मला आजही वाटते. परंतु हातात प्लास्टर असताना, सणाच्या तोंडावर, एकाच बैठकीत अकराही ठिपके पाहायला लावायचे होते का, हा विचार माझा पाठलाग करतो.

डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये अशा ओढीची मीमांसा मांडली. सत्ता एकाच्या हाती असते, आणि छळ व माया आलटून पालटून, कधी येईल याचा नेम नसताना वाट्याला येतात; त्यातून हे बंध घट्ट होतात. ज्याने मारले तोच जवळ घेतो, तेव्हा भीती उतरल्याचा जो सुटकारा शरीराला मिळतो, तो प्रेमासारखाच भासतो. त्यांनीच १९९३ मध्ये, छळाचे नाते नुकतेच सोडलेल्या ७५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनंतर त्यांची ओढ सुमारे २७ टक्क्यांनीच कमी झाली होती. हा आकडा मी तिला पुढच्या भेटीत सांगितला, कारण घर सोडूनही त्याची आठवण येते म्हणजे आपणच बिघडलेलो आहोत, असे ती मानू लागली होती.

ती चतुर्थीला सासरी गेली नाही. माहेरच्या माटोळीखाली दिवसभर बसून राहिली, असे तिच्या आईने कळवले. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे दाखल झाला आणि संरक्षणाचा अंतरिम आदेशही मिळाला. आता शिगमा जवळ आला आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास स्कूटरचा आवाज आला की तिचे लक्ष अजून दाराकडे जाते. मात्र त्या वेळी ती फोन आईकडे देऊन ठेवते आणि किती वेळाने जीव ठिकाणावर आला, ते वहीत लिहिते. पूर्वी दोन तास लागत, आता पाऊण तास लागतो. मागच्या मंगळवारी निघताना ती दारात थांबली आणि “यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आता कोण आणत असेल?” असे म्हणाली. मी तिला पुन्हा बसायला सांगितले.