आमची वाटचाल : एका पत्त्यावर दोन ड्राइव्ह

सुरुवात केबलिंगपासून, म्हणजे मशीनमधले ड्राइव्ह (मोटर चालवणारे कंट्रोलर) जोडणाऱ्या कॅन नेटवर्कच्या तारांपासून. नऊ पिनांचा कनेक्टर, २ वर कॅन-लो, ७ वर कॅन-हाय, दोन्ही टोकांना १२० ओमचा रोध (टर्मिनेशन). सप्लाय बंद करून मीटर लावायचा, ६० ओम यायला हवेत. ४० आले तर मधल्या कुठल्यातरी ड्राइव्हचा टर्मिनेशन स्विच चालू राहिलाय. पुढे कॅनओपनचं (कॅनवर ड्राइव्हनी कसं बोलायचं याच्या नियमांचं) कॉन्फिगरेशन करायला लागलो. मधली वर्षं सुरळीत गेली.

मग आमच्या सगळ्यात जुन्या ग्राहकाचं पॅकिंग मशीन मधूनच थांबू लागलं. दिवसात दोनदा, कधी एकदाही नाही. काम आमचं, त्यामुळे बोल आम्हालाच. दुसऱ्या एका फर्मने येऊन 'केबल खराब' म्हणून सांगितलं आणि सगळी केबल बदलली. मशीन थांबतच राहिलं. आमच्या इतर ऑर्डरीही अडकल्या. त्या ग्राहकाने मात्र आम्हाला सोडलं नाही.

दोष पत्त्याचा होता. बदली ड्राइव्हला एलएसएसने (नेटवर्कवरूनच पत्ता देण्याची सोय) नोड ६, म्हणजे पत्ता ६, दिला होता, पण स्टोअर कमांड (१७ हेक्स) पाठवलीच नव्हती. वीज गेली, ड्राइव्ह परत जुन्या ५ वर, जिथे दुसरा एक ड्राइव्ह आधीच होता. आता दोघेही १८५ (हेक्स) या आयडीवर पीडीओ, म्हणजे चालू माहितीचे संदेश, पाठवत होते. वेळ वेगळी असेपर्यंत सगळं ठीक. दोघं एकाच क्षणी सुरू झाले की आयडी सारखा, म्हणून आर्बिट्रेशनमध्ये (आधी कुणी बोलायचं हे आयडीवरून ठरतं तिथे) कुणीच मागे हटत नाही. डेटा वेगळा, म्हणून बिट एरर. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला ड्राइव्हमधला चुकांचा काउंटर ८ ने वाढतो. सोळाव्याला १२८, ड्राइव्ह एरर-पॅसिव्ह (फार चुका झाल्याची अवस्था), ०८५ वर इमर्जन्सी संदेश, कोड ८१२०, मशीन बंद. ७०५ वर हार्टबीट ('मी चालू आहे' हा ठरावीक वेळाने येणारा संदेश) मात्र येतच होता, त्यामुळे मास्टरच्या (नेटवर्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या) लेखी नोड ५ हजर!

अ‍ॅनालायझर (नेटवर्कवरचे संदेश दाखवणारं उपकरण) नुसता ऐकायला लावून पॅनल चालू केलं, तेव्हा ७०५ वर बूट-अप (ड्राइव्ह सुरू झाल्याचा संदेश) दोनदा आला. तिथेच चोर सापडला.

विचारलं नसलं तरी सांगतो, कारण जतन करायचं इथेही राहून जातं: मॅपिंग (पीडीओत कुठली माहिती जाईल ते) बदलताना आधी ड्राइव्हच्या सेटिंग्जच्या यादीतल्या १८०० च्या सबइंडेक्स १ मध्ये बिट ३१ लावून पीडीओ बंद करा, १ए०० चा सबइंडेक्स ० शून्य करा, नोंदी भरा, मग संख्या लिहा आणि शेवटी बिट ३१ काढा. क्रम चुकला की ड्राइव्ह एसडीओ अबॉर्ट देतो, म्हणजे सेटिंग लिहायला नकार देतो. नंतर १०१० च्या सबइंडेक्स १ ला 'सेव्ह' (७३ ६१ ७६ ६५) पाठवा आणि वीज काढून परत लावून बघा. ही शेवटची पायरी घाईत सगळेच गाळतात.

ती नवी केबल अजून मशीनवर आहे. मीटरवर ६० ओम दाखवते. जुनीही ६० च दाखवायची.